साहेबांना कळणार कसं?

मला आधी एक सांगा, मोबाइल वापरू नका हा आदेश मोबाइलवरच आला तर माणसानं करायचं काय? म्हणजे मी पालघरच्या एका सरकारी ऑफिसात दाखल्यांच्या टेबलावर, नोकरी अजून कायम नाही, कायम करायची की नाही ते साहेब लिहिणार, त्यामुळे फोन नुसता थरथरला तरी मी आधी दचकते, मग बघते... तर आमच्या 'प्रेरणा' ग्रुपवर साहेबांचा मेसेज, की कार्यालयीन वेळेत सोशल मीडिया बंद. मी घाबरून तिथल्या तिथे फोन बंद केला, ड्रॉवरमध्ये टाकला, वर कुलूप घातलं. मी आपली आदेश पाळणारी मुलगी.

आणि तुम्हाला सांगते, काय काम झालं हो त्या दिवशी! डोंगराकडच्या पाड्यावरून जिवलीताई आली होती. तिच्या लेकीला, तेजलला, वसतिगृहात ठेवायचं, त्याला दाखला हवा, आणि जिवली संध्याकाळच्या बसनं वीटभट्टीवर निघालेली, ती पावसाच्या तोंडावरच परतणार. मी जेवायलासुद्धा उठले नाही. दाखला केला, साहेबांची सही आणली, तिच्या हातात ठेवला.

तेवढ्यात साहेबांचं बोलावणं. का, तर सगळ्यांनी ग्रुपवर 'पालन करू सर' लिहिलं, शेजारच्या टेबलावरच्या दिनानाथभाऊंनी तर वर गुलाबाचं फूलही टाकलं, आणि एकटी मीच गप्प! मी म्हटलं, सर, मी पाळत होते ना. साहेब अगदी शांतपणे म्हणाले, "पाळलंत हो, पण मला कळणार कसं?" मी चाचरत जिवलीच्या दाखल्याचं सांगितलं. तर म्हणे, "त्याचा फोटो कुठाय? मी तुमचा अहवाल कशाच्या जोरावर लिहू, मॅडम?"

झालं. कुलूप काढलं, फोन घेतला, सुटले एसटी स्टँडकडे. मी आपली आदेश पाळणारी... जिवली बसमध्ये खिडकीशी, मांडीवर बोचकं, कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर, आणि मी खालून धापा टाकत, ताई, दाखला जरा वर धरा, फोटो काढायचाय, साहेबांना दाखवायचाय. तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"बाय, याच्यावर तुज्या सायबाचीच सही हाय ना? मंग त्याला ठावं नाय?"

मी फोन रोखला. जरा हसा, एवढंच म्हटलं. ती काही हसली नाही, पण दाखला धरला बिचारीनं खिडकीबाहेर. मी फोटो काढला, ग्रुपवर टाकला, साहेबांचा अंगठा आला, मागोमाग दिनानाथभाऊंचा गुलाब.

परत येते तर माझ्या टेबलापुढे ही रांग! शिरगावची गोदूबाई दुपारपासून ताटकळलेली, आणि ऑफिस सुटायची वेळ. उद्या या, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

असो. झाले कायम. अहवालात 'अत्यंत तत्पर' असं लिहिलंय माझ्याबद्दल, आणि रोज असा एक फोटो ग्रुपवर टाकायचा आदेशही आलाय, तोही पाळतेच आहे. तेव्हा तुमच्यापैकी कुणाचं दाखल्याचं काम असेल, तर टेबलाशी थांबू नका हं... मी स्टँडवर असते.