हात मागं, साहेब!

त्र्याहत्तर साली हिंगोलीच्या स्टँडवर मी शिरड शहापूरच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर एक बाप आणि त्याची लेक बसली होती. लेक गृहशास्त्राची मास्तरीण व्हायची परीक्षा पास होऊन आली होती.

"प्रेमा, पास झालीस ते बेस. पण भाकर शिकवायला ते शिक्षणाचं तत्त्वज्ञान काहून लागतं?"

"लागतं, आबा. लेकरू सोता करूनच शिकतं. मास्तरणीनं हात मागं धरून उभं राहायचं."

"आन् भाकर फाटली तर?"

"फाटू द्यायची. आज परीक्षेतबी एका पोरीची फाटली. माझे हात नुसते शिवशिवून राहिले, पण म्या लावले न्हाईत."

"शाब्बास!"

"पण परीक्षक साहेबांनाच दम निघंना. ते उठून तिची भाकर सावरायला आले. म्या म्हटलं, 'हात मागं, साहेब!'"

"साहेबाला? नापास केलं असतं की तुला!"

"मलाबी तसंच वाटलं. आन् साहेबांनी खरंच हात मागं बांधले! पोरीनं दुसरी थापली, ती टम्म फुगली."

"वा! आज तुझ्याच हातची भाकर खातो."

"न्हाई, आबा. आज तुमी थापायची."

"म्या? फाटंल की!"

"फाटू द्या."

"आन् तुझी माय?"

"बसंल हात मागं धरून."

"तिचे हात रिकामे म्या कधी पाहिलेच न्हाईत."

"मंग आज पाहा."

बापानं आपले तळहात एकमेकांवर थापून पाहिले.

"पोरी, पाणी कोमट घ्यायचं का गार?"