सुरभीच्या वहीतलं चौथं वाक्य

सुरभी : पण आबाजी, वेट, मॉइस्ट, ह्युमिड, डॅम्प, चारही शब्द म्हणजे ओलंच ना? मंग मिसनं चार वाक्यं काऊन मांगली?

अण्णाजी : थांब. दोरीवर तुया मम्मीनं आत्ता टाकलेली चादर हाय ना, ते वेट. पाणी टिपकून राह्यलं तिचं. सकाळी झारीनं भिजवलेली कुंडीतली माती, ते मॉइस्ट. हात लावला तं बरं वाटते.

सुरभी : आन् ह्युमिड?

अण्णाजी : हवा. कूलर चालू असूनही अंग चिकचिक करते, ते. त्याच्यात कोणाचा दोष नसते.

सुरभी : राह्यलं डॅम्प.

अण्णाजी : आजीच्या मांगची भिंत. लाव हात.

सुरभी : छी! आजी, तुमची गादी पण तशीच लागते!

शकुबाई : पलंग ओढत ओढत दारापाशी आणला बाई. आता अजून कुठी ओढू?

अण्णाजी : लिही. माय ग्रँडमदर्स रूम इज डॅम्प.

(सुरभीचे पप्पा, प्रफुल्ल, गृहपाठावर सही करायला वही घेतो. अण्णाजींचा डोळा त्याच्या पेनावर.)

प्रफुल्ल : हे काय लिहिलंस? खोड. ह्युमिड लिही. पावसाळा आहे, सगळ्यांच्याच घरी असतं.

अण्णाजी : पावसाळा? मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत, बुरशी कोठून आलती? वरच्या बाथरूमचा पाइप गळते, दोन साल झाले सांगून.

प्रफुल्ल : दिवाळीत पेंट मारून दिला ना!

अण्णाजी : पोपडे पाह्य त्याचे. डॉक्टर म्हणते, ह्या खोलीत तिची छाती बरी होत नाई. समोरची खोली बंदच राह्यते. तिथं निजू दे तिले.

प्रफुल्ल : बाबा, तिथं सोफा आहे, एसी आहे. आलं-गेलं माणूस बसतं. दिवसभर खोकणारी आई तिथं कशी ठेवू?

शकुबाई : जाऊ द्या ना जी. ऐकलं म्या.

अण्णाजी : काय जाऊ द्या? एकतीस वर्षं इंग्रजीचा मास्तर होतो मी. पोटच्या पोराले माय म्हंजे काय ते समजावून सांगा लागते, लाज वाटते मले!

प्रफुल्ल : सुरभी, तुझी मिस आपल्याच लाइनीत राहते. उद्या अख्ख्या पिपरीत बोभाटा होईल. आधी शब्द बदल, मग सही.

सुरभी : आबाजी, बरोबर कोणता हाय?

अण्णाजी : तुया पप्पाले मीच शिकवलं, सहावीत. तवा बरोबर लिहे तो.

सुरभी : मंग मी काय लिहू?

अण्णाजी : ह्युमिड लिही बेटा. सही त्याची लागते.