शकू कशी नव्हती

सन्माननीय अध्यक्ष गोपाळकृष्णपंत, खालापूरहून मुद्दाम आलेले मामलेदारसाहेब, वाचनालयाचे चालक, उजवीकडे बसलेल्या माताभगिनी, दारात उभे असलेले ठाकुरवाडीचे बांधव, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आबाजी पाथरवट,

आबाजी, आधी त्या खुर्चीत टेकून बसा. केव्हाचे काठावर बसला आहात. ही खुर्ची तुम्हाला मिळावी म्हणून आमच्या मंडळाच्या तीन बैठका झाल्या. एक सभासद मला म्हणाले, "वकीलसाहेब, आज दगडफोड्याला हार, उद्या कुणाला?" मी त्यांना विचारले, आज सकाळी भाकरी खाल्लीत ना? त्या जात्याला टाकी कोणी लावली? ते सभासद समोरच बसले आहेत, म्हणून नाव घेत नाही.

अध्यक्षांनी मला शिल्प या शब्दावर बोलायला सांगितले आहे. कोश चाळले. इंग्रजीत ज्याला स्कल्प्चर म्हणतात तो शब्द लॅटिनमधून आला. मुळात अर्थ कोरणे, कापून काढणे. आपला मूर्ती हा शब्द दुसऱ्या वाटेने आला. त्याच्या मुळाशी गोठणे, घट्ट होऊन आकार धरणे आहे. आणि शिल्प हा तर इतका उदार शब्द, की एके काळी त्यात नाचणे-गाणेही बसत असे. शब्द मला फार आवडतात. आयुष्यभर तेच केले. पण कोरणे म्हणजे काय, हे मला कोशात कळले नाही.

तेरा वर्षांपूर्वीच्या साथीत आमची शकू गेली. सहा वर्षांची होती. तिचा फोटो नव्हता. मी आबाजींना म्हणालो, तिची मूर्ती घडवा, मी वर्णन करतो. आणि मी वर्णन केले. डोळे कसे, हसणे कसे, उपमा कोणकोणत्या. आबाजी ओट्यावर बसून सगळे ऐकत होते. मग म्हणाले, "सायेब, ह्ये माझ्या कामाचं नाय. मी दगडात घालीत नाय काय, काढतो. पोर कशी नव्हती, त्ये सांगा."

मी गप्प झालो. मी गप्प झाल्याचा प्रसंग इथे बऱ्याच जणांना खरा वाटणार नाही.

तेव्हा दाराआडून माझी पत्नी विमलबाई बोलली. "गाल भरलेले नव्हते." आबाजींनी मान हलवली. "आनि काय नव्हतं, बाय?" "वेणी कधी धड नव्हती. हात मोकळे नव्हते, काहीतरी धरलेलं असायचंच." त्यानंतर चार महिने आबाजी दर सोमवारी येत. ती एकेक 'नाही' सांगे, ते तेवढाच दगड काढून टाकत. मी त्या सोमवारी कुठे होतो? पनवेलला, पेणला, सभांमध्ये. देश जागा करीत होतो. त्याची मला लाज नाही. पण घरी नव्हतो.

वेणी झाली, हात झाले, मुठीतली चिंच झाली. चेहऱ्याशी आबाजी थांबले. म्हणाले, "आईनं तिचं सांगून झालं. आता बापानं सांगायचं." मी सांगू शकलो नाही. तो दगड तेरा वर्षे आमच्या ओटीवर आहे. चेहऱ्याच्या जागी नुसता दगड.

आता आबाजींची नजर मंदावली. उद्या सकाळच्या गाडीने ते तळेगावला लेकीकडे, चिंधीकडे जाणार. परवा मी त्यांच्या झोपडीवर गेलो आणि हात जोडले, अंदाजाने चेहरा करून द्या. ते हसले. "अंदाजानं कुनाचीबी पोर व्हईल, सायेब. तुमची नाय व्हायची. काढलेलं परत लागत नाय." मग मला पाणी दिले आणि पुन्हा तेच विचारले, पोर कशी नव्हती.

आबाजी, दोन दिवस मी कोश उघडला नाही. नुसता बसलो. आज इथे यायला निघालो, जोडे घातले, दाराशी उभा राहिलो, आणि आठवले. सांगतो. तिचा चेहरा समोर नव्हता. वर वळलेला होता. मी कायम उभा असे, कुठेतरी निघालेला, आणि ती खालून बघे. मी तिच्यासाठी वाकलो नाही, म्हणून तिची हनुवटी खाली नव्हती. कपाळ पुढे नव्हते. मान सरळ नव्हती, मागे पडलेली होती. मला एवढेच येते. एवढ्याने भागेल का?

उद्याची गाडी चुकवा, एवढे मागतो. ओटीवर उजेड चांगला येतो, आणि विमलबाई शेजारी बसेल. मीही बसेन, खाली.

अध्यक्षांनी मला दहा मिनिटे दिली होती, मी जास्त घेतली. आपण सर्वांनी निमूट ऐकलेत, हे आपले उपकार. समारंभाच्या सभेत घरचे बोललो, ही माझी चूक, पदरात घ्यावी. या भाषणात जे जास्तीचे असेल ते आपण काढून टाका. उरेल ते आबाजींचे आहे.