जुनी सिस्टीम की नवी

तुम्ही व्हर्जनवरून भांडायला लागलात की मला इचलकरंजीचे अण्णा आठवतात. तेव्हा इंटरनेट नवं होतं. मी कोल्हापूरहून जाऊन एका मागाच्या कारखान्यात इंटरनेटवरचे घुसखोर अडवणारी ओपन सोर्स फायरवॉल बसवत होतो. तिच्याखाली ऑपरेटिंग सिस्टीम जुनी घालावी की नवी, हे दुपार झाली तरी ठरेना. शेठ म्हणाले होते, आज नाही जमलं तर उद्या येऊ नका. आणि मला तर मागांच्या एकसुरी खडखडाटात झापड येत होती. उन्हाच्या पट्ट्यात कापसाचे तंतू तरंगत होते, त्यांच्याबरोबर मीही.

माग दुरुस्त करणारे अण्णा आत आले. दोन पीसींवर दोन्ही सिस्टीम चालू होत्या.

"दोन्ही चालत्यात की. मग अडलंय कुठं?"

"चांगली कुठली तेच कळंना झालंय, अण्णा."

"चालता माग सगळाच ग्वाड दिसतोय. आमी मुद्दाम धागा तोडून बघतो, माग आपसूक थांबतोय का."

एवढं बोलून त्यांनी दोन्हींचे प्लग उपटले. माझी झोप तिथंच उडाली.

प्लग परत लावल्यावर जुनी आपोआप उठून कामाला लागली. नवी पडद्यावर एक प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत बसली.

"जुनीच बसवा," अण्णा म्हणाले. "लाईट आमच्या गावची हाय."