काळ ओळखा

अरे, आमच्या ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या सोसायटीत सत्यनारायणाच्या पूजेला दोन्ही उमेदवार एकदमच आलेले, ते तुला सांगायचं राहिलंच. एक म्हणजे चार वेळा निवडून आलेले आमदारसाहेब. दुसऱ्या आमच्या पोरांना शाळेत मराठी शिकवणाऱ्या प्राजक्ताबाई, वय जेमतेम तीस.

साहेबांनी माईक घेतला आणि दर निवडणुकीतलं वाक्य टाकलं, "यंदा तुमच्या नळाला पाणी येणार."

बाईंनी पुढे बसलेल्या पोरांना शांतपणे विचारलं, "पाणी येणार. काळ ओळखा."

"भविष्यकाळ," पोरं एका सुरात ओरडली.

"साहेबांच्या पहिल्या निवडणुकीपासून तोच चालू आहे," बाई म्हणाल्या.

पब्लिक हसायचं थांबेना. साहेबसुद्धा हसले, करतात काय. तेवढ्यात मागून शेजारच्या काकूंनी विचारलं, "आणि बाई, तुम्ही निवडून आलात तर?"

"तर काकू, मी पाणी आणीन..."

पोरं परत ओरडली, "भविष्यकाळ."

आता बाई सारवासारव करणार, असं मला वाटलेलं.

"बरोबर," त्या पोरांना म्हणाल्या. "माझाही मार्क कापा. घरी आई 'पाणी आलं' म्हणेल, तेव्हा परत द्या."