मीटर, वार आणि निखिलदादा

अगं, माझं डोकं अजून तापलेलंच आहे! पूर्णा गावातल्या आमच्या गोदामासाठी ॲप करायचं काम काकांनी त्यांच्या मुलाला, निखिलदादाला दिलं. मीही तेच शिकलेय, पण मला म्हणाले, "तू चहा टाक."

काकांनी कापडाचे मीटर टाइप केले. ॲपने शेजारच्या चौकटीत त्याचे वार भरले, वार बदलले म्हणून पुन्हा मीटर बदलले, मग पुन्हा वार. फोन अडकला.

"ॲप स्वतः आकडा भरत असताना तो बदल माणसाने केलाय असं त्याला धरू द्यायचं नाही," म्हणत मी दादाच्या लॅपटॉपवर दोन ओळी घातल्या. चाललं!

काकांनी दादाच्या पाठीवर थाप मारली. "बहिणीला पन शिकवलंस! हुशार हाय माझा पोरगा."

"हो ना," दादा म्हणाला.

मी दोन्ही ओळी पुसल्या. "दादा, आता तू करून दाखव."