शुक्रवारची बाटली, सोमवारची बाटली

तपासणी केंद्रातल्या बाकावर शिंपीणबाई आपल्या रिपोर्टची वाट पाहत होत्या. गाड्या रंगवणारा एक रंगारी आणि त्याची बायको डॉक्टरांना भेटून शेजारी येऊन टेकले.

"म्हणजे तुम्ही दारू पीत नव्हतात?" बायकोने विचारलं.

"थेंबही नाही. रंग पातळ करायच्या थिनरची वाफ श्वासातून आत जाते. वर मी हातही त्यानेच धुतो, ते कातडीतून मुरतं. म्हणून तोल जायचा."

"आणि तोंडाचा तो उग्र वास?"

"थोडं श्वासातूनच परत बाहेर पडतं. उरलेल्या थिनरचे लिव्हर तुकडे करतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतात. शुक्रवारी कामानंतर दिलेल्या लघवीच्या बाटलीत ते भरपूर निघाले. दोन दिवस सुट्टी घेतली, तर सोमवारच्या बाटलीत नावालाच."

"लिव्हर ठीक आहे ना पण?"

"ठणठणीत आहे म्हणाले."

"आता मास्क आणि हातमोज्यांशिवाय कामाला हात लावायचा नाही."

"नाही लावत गं बाई."

"त्या दिवशी माझ्या भावांसमोर मी तुमचं तोंड हुंगलं हो."

"हुंगलंस खरं."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगत होतो की! जीभच जड झाली होती."

बायकोला हसू फुटलं. हसता हसताच तिने डोळे पुसले.

"चला. आता भावांना बोलावून मीच सांगते."

ऐकण्यात गुंगलेल्या शिंपीणबाईंना रिपोर्टसाठी तिसऱ्यांदा हाक आली, तेव्हा कुठे त्या उठल्या.